आज्याची बरची, पोराचं फ्रीलान्सिंग अन् 'लान्स' या शब्दाचे अर्थ – तुमच्याकडं काय म्हणतात?

कास्तकार_दारव्हा
राम राम मंडळी. पोळा तोंडावर आला म्हणून परवा घराची झाडझूड काढली, माळ्यावरचं जुनं सामान खाली घेतलं, त्यात डवऱ्याच्या दोन झिजलेल्या पासा, बैलाची झूल, एक फुटका कंदील अन् सगळ्यात खाली आडवी पडून असलेली माह्या आज्याची बरची, म्हंजे भाला. तीस वर्षं तरी कोणी हात लावला नसन तिले. फाळ वीतभर लांब, कण्हेरीच्या पानासारखा, मधात उभी शीर, खाली नळीसारखी खोबण अन् त्या खोबणीत दांडा बसवून आडवा खिळा ठोकलेला. दांडा मानवेल बांबूचा, पार भरीव, जवसाचं तेल पाजलेला. जिथं मूठ धराची तिथं अंबाडीची सुतळी गुंडाळलेली हाये, ती घामानं काळीकुट्ट झाली. मी नुसता तिथं हात ठेवला तं बोटं बरोबर बसली. खालच्या बुडाले लोखंडी टोपण हाये पण वरून हातभर अंतरावर वाळवीनं दांडा खाल्ला.

आजा ही बरची घेऊन जागलीले जाये. तूर शेंगेवर आली का रानडुकरं यायची, रातभर मचानावर बसा लागे. लहानपणी मी इचारलं होतं का आबाजी तुमी ही फेकून मारता का. त्यानं सांगितलं, फेकली का आपला हात रिकामा झाला नं बाबू, बरची फेकाची नसते, बुड जमिनीत रोवाचं, टोक पुढं धराचं अन् त्याच्या नं आपल्या मंधात दांडा राहू द्याचा, डुक्कर सवताच पाहून घेते. त्यानं किती डुकरं मारली मले माहीत नाही, मारली असतीन असंही वाटत नाही, पण त्याच्या आंगावर कधी डुकराच्या दाताचा वण दिसला नाही हे खरं. आता ते डुक्कर परवानगीबिगर मारणं १९७२ च्या कायद्यानं बंद हाये अन् आमी कुंपणाच्या तारेले झटका मशीन लावतो, थे येगळं.

माहा पोरगा घरूनच लॅपटॉपवर डिझाइनचं काम करते, फ्रीलान्सिंग. त्यानं बरची हातात घेऊन पाह्यली अन् म्हणे बाबा, याले इंग्रजीत लान्स म्हणते, माह्या कामाच्या नावात हेच हाये. मले पटलंच नाही आधी. म्हणून इथं टाकतो. भाला, बरची, लान्स, याचे तुमच्या गावात, तुमच्या कामात काय काय अर्थ हायेत ते लिवा, पुरं लिवा, घाई नाही.

मोर्शीकर
फोटो टाका न भाऊ.

वऱ्हाड_इतिहास
पोराचं बरोबर आहे. जुन्या काळी युरोपात जे भाडोत्री घोडेस्वार होते, म्हणजे ज्यांचा भाला कोण्या एका सरदाराला बांधलेला नाही, पैसा देईल त्याच्याकडून लढणार, त्यांच्यासाठी 'फ्री लान्स', म्हणजे 'मोकळा भाला', हा शब्द इंग्रजीत १९व्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाला आणि पुढं तो लेखणीवाल्यांना, छायाचित्रकारांना अन् आता तुमच्या पोराला लागला. तिकडं 'लान्स' म्हणजे नुसता भाला नव्हता, माणसांचं एक युनिटच होतं. फ्रान्सच्या राजानं १४४५ च्या सुमारास जी कायमची फौज उभी केली त्यात एक लान्स म्हणजे एक चिलखतवाला स्वार आणि त्याच्यासोबतचे धनुर्धारी, पोऱ्या, नोकर मिळून ६ जण, असे १०० लान्स म्हणजे एक कंपनी.

आता आपल्याकडं पाहा. मराठी फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार. बारगीराला घोडा सरकारी, शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. घोडा मेला तर नुकसान त्याचंच. तुमचा पोरगा स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचं नेट, स्वतःची वीज घेऊन काम करतो, लॅपटॉप बिघडला तर कोणी भरून देत नाही, म्हणजे तो शिलेदारच झाला. मला तर वाटते फ्रीलान्सरला मराठीत शिलेदारच म्हणावं, 'मुक्त व्यावसायिक' वगैरे कोणाच्या तोंडात बसत नाही.

अन् भाल्यासाठी लांब कशाला जाता. २९ नोव्हेंबर १८०३ ला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली, त्यात हजारोंनी घोडदळ होतं आणि भाला हे मराठा स्वाराचं नेहमीचं हत्यार. समोर इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफा आणि शिस्तीतलं पायदळ. पुढं १५ डिसेंबरला गाविलगडचा किल्ला पडला. पेंढाऱ्यांचंही आवडतं हत्यार मराठी भालाच, १२ ते १८ फुटी बांबूचा, त्यांच्यात बंदुका फार थोड्यांकडं असत. १८ फूट म्हणजे जवळपास दुमजली घराएवढं, विचार करा घोड्यावरून एका हातानं ते तोलणं किती वर्षांची सवय मागत असेल. सरावासाठी बोथाटी असायची, म्हणजे टोकाला फाळाऐवजी कापडाचा गोळा बांधलेला बोथट भाला, तो रंगात बुडवायचा, कोणाला लागला ते अंगावरच्या डागावरून कळायचं. आणि विटा नावाचा एक भाला होता, त्याला दोर बांधून दोर मनगटाला, म्हणजे फेकला तरी ओढून परत घेता येई. तुमच्या आजोबांची अडचण तिथं सोडवलेली होती.

पांढरकवडा_माय
दादा खूप छान माहिती. शिलेदार शब्द तं फारच आवडला.

कळंब_पोट्टा
व्हॉट्सॲपवर फिरते का महाराणा प्रतापांचा भाला ८० किलोचा होता, खरं हाय का?

वऱ्हाड_इतिहास
नाही भाऊ. ८० किलो म्हणजे दीड पोतं सिमेंट. घोडदळाचा ९ फुटी भाला साधारण पावणेदोन-दोन किलोचा असतो, कारण तो दिवसभर हातात धरायचा असतो, वळवायचा असतो, घोड्याचा वेग त्याच्यामागं असतो म्हणून वजनाची गरजच नाही. अशा मेसेजनं त्या माणसाचं मोठेपण वाढत नाही, त्यांनी किती वर्षं रानावनात राहून टिकाव धरला ते त्या ८० किलोखाली दबून जाते याचं मला खरंच वाईट वाटते.

झेडपी_गुरुजी_वाशीम
थोडं शब्दांबद्दल. भालचंद्र, भालप्रदेश यातला भाल म्हणजे कपाळ, त्याचा भाल्याशी संबंध नाही, मुलं हमखास गल्लत करतात म्हणून आधी सांगितलं. संस्कृतात भल्ल म्हणजे रुंद पात्याचा बाण, आणि भाल्याला कुंत, प्रास, तोमर, शूल असे वेगवेगळे शब्द, कारण फेकायचा वेगळा, भोसकायचा वेगळा. फारसीतून नेजा आला. दरबारात भालदार पुढं चालायचा आणि चोपदार ललकारी द्यायचा, भालदार-चोपदार ही जोडी आजही सभागृहाच्या वर्णनात येते. सहावीच्या विज्ञानात आंब्याचं पान भालाकृती म्हणून शिकवतो, बांबूचंही तसंच.

मला स्वतःला फाळ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नांगराचाही फाळ आणि भाल्याचाही फाळ. एकाच लोहाराच्या एकाच भात्यापुढं दोन्ही होत होते, पाणी द्यायची रीत तीच, फक्त एक जमिनीत जायचा. खेड्यात शस्त्र आणि अवजार अशा दोन वेगळ्या खोल्या कधी नव्हत्याच. आपली बैल हाकायची तुतारी पाहा, वेळूची काठी आणि टोकाला लोखंडी आर. तोही छोटा भालाच म्हणावा लागेल. पोळ्याच्या दिवशी ती बैलाला लावत नाहीत ते त्यामुळंच.

इंग्रजी लान्सचं मूळ लॅटिन लान्सेआ, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये भाला फेकणे या अर्थी क्रियापद झालं आणि तिथूनच लाँच हा शब्द आला. १४ जुलै २०२३ ला चांद्रयान-३ लाँच झालं तेव्हा वर्गात टीव्ही लावला होता, तेव्हा मला हे ठाऊक असतं तर मुलांना सांगितलं असतं की बाळांनो आपण चंद्राकडं भाला फेकला.

माजी_सैनिक_कामठी
सर्वांना जय हिंद. लान्स नाईक कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. शिपायाच्या वरची पहिली पायरी, बाहीवर एक फीत. हा शब्द इटालियनमधल्या 'मोडलेला भाला' या शब्दापासून आला, म्हणजे ज्याचा भाला लढाईत मोडलेला आहे असा मुरलेला, अनुभवी सैनिक. नव्या पोराचा भाला कोरा असते. आमच्या कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे, तिथं प्रत्येक रिक्रूटला लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांचं नाव पहिल्या आठवड्यात पाठ होते. १४ गार्ड्स, डिसेंबर १९७१, आताच्या बांगलादेशातल्या गंगासागरची लढाई, जखमी होऊनही मशीनगनचं ठाणं बंद केलं, मरणोत्तर परमवीर चक्र. मी स्वतः लान्स नाईक म्हणून साडेतीन वर्षं होतो आणि ती एक फीत शिवताना आईनं सुई हातात धरून देवाला नमस्कार केला होता. अर्थ तेव्हा माहीत नव्हता, आज समजला तरी छाती भरून येते.

राष्ट्रपतींचे अंगरक्षक घोड्यावर जे बांबूचे भाले धरतात, लाल-पांढरी झेंडी लावलेले, ते आपण २६ जानेवारीला टीव्हीवर पाहतो. बांबू भरीव लागतो. आपल्या मेळघाटात, गडचिरोलीत जो मानवेल होतो त्याच जातीचा बांबू इंग्रजांच्या काळात भाल्याच्या दांड्यासाठी वापरत होते, कारण तो लवतो पण लवकर तुटत नाही.

झाडीपट्टीची_लेक
मी गडचिरोली जिल्ह्यात उपकेंद्रात आहे. आमच्याकडं भाला पाव इंचाचाबी नसते पण रोज वापरतो. लान्सेट. लान्सचं लहानसं रूप. बोटातून रक्ताचा थेंब काढाची सुई, मलेरियाची पट्टी असो, सिकलसेलची तपासणी असो, साखर असो. आपल्या पूर्व विदर्भात मलेरिया अन् सिकलसेल हे दोन्ही आजार किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षी मला एका माडिया आजीनं बोट द्यायला नकार दिला, दोन तास मी तिच्या अंगणात बसून होती, शेवटी मी माझ्या सवताच्या बोटात टोचून दाखवलं तेव्हा तिनं हात पुढं केला. मग मी शिकली की टोचायचं कसं हे माणसाले किती महत्त्वाचं असते. बोटाच्या मधोमध टोचू नये, तिथं दुखते जास्त, बाजूला टोचावं, अनामिका घ्यावी, पहिला थेंब पुसून टाकावा, अन् एका माणसाची सुई दुसऱ्याला कधीच नाही, लगेच सुयांच्या डब्यात. घरी साखर तपासणारे लोक एकच सुई महिनाभर वापरतात अन् नवरा-बायको दोघं एकच वापरतात, कृपा करून असं करू नका.

पूर्वी गळू फोडायचं ते पण लान्सेटनंच, इंग्रजीत गळू फोडण्याला लान्स करणं म्हणतात. डॉक्टर लोकांचं जे मोठं साप्ताहिक आहे, लंडनहून निघणारं, १८२३ पासूनचं, त्याचं नावच लान्सेट. आमच्या मॅडमनं सांगितलं होतं की ते काढणाऱ्या डॉक्टरला वैद्यकीय धंद्यातली घाण बाहेर काढायची होती, गळू फोडावं तशी, म्हणून ते नाव.

खेळमंत्र_बुलढाणा
भालाफेक राहिली. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅम, बायांचा ६००. १९८४ मध्ये पूर्व जर्मनीच्या उवे होननं १०४.८० मीटर फेकला तेव्हा मैदानच कमी पडायची भीती झाली, म्हणून १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढं सरकवला, त्यानं टोक लवकर खाली येते अन् भाला रुतून पडते. नीरज चोप्राचं टोकियोतलं सुवर्ण ८७.५८ चं, ७ ऑगस्ट २०२१, अन् दोहाला मे २०२५ मध्ये ९०.२३. आमच्या तालुक्याला आजही पोरं बांबूच्या भाल्यावर सराव करतात अन् जिल्ह्याच्या मैदानात पहिल्यांदा ॲल्युमिनियमचा हातात घेतात, मग तो कसा जाणार लांब. शाळेला एक खरा भाला घेऊन देणं ही काही मोठी गोष्ट नाही, गावच्या लोकांनी मनावर घेतलं तर एका गणपतीच्या वर्गणीत होते.

वरुड_संत्रा
महादेवाचा त्रिशूळ. आमच्याकडून शिवरात्रीले पचमढीच्या चौरागडावर नवसाचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन जातात, माह्या मामानं मुलगा झाला तवा नेला होता, वर डोंगरावर त्रिशूळांचा ढीग लागलेला असते. तीन फाळाचा भालाच नं तो. मारासाठी नाही, वाहासाठी.

भट्टीवाला_चंद्रपूर
आमच्या कारखान्यात लान्स म्हणजे लोखंडी पाईप. ज्याच्यातून ऑक्सिजन सोडतो. भट्टीचं तोंड, जिथून वितळलेला धातू काढतो, ते घट्ट बसलं का पाईपचं टोक पेटवून ऑक्सिजनच्या जोरावर ते जाळत जाळत उघडा लागते. पाईप सवताच जळत जाते अन् लहान होत जाते, म्हणून आधीच लांब घ्याचा, लहान झाला का सोडून द्याचा, दुसरा लावाचा, लोभ कराचा नाही. मोठ्या पोलाद कारखान्यात तर पाण्यानं थंड ठेवलेला लान्स वरून कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे वितळलेल्या लोखंडाच्या मोठ्या भांड्यात, उतरवतात अन् लोखंडातला कार्बन जाळतात, ऑस्ट्रियात लिंझला १९५२ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा सुरू झाली. माझ्या जुन्या उस्तादनं मले एकच गोष्ट शिकवली होती, लान्स किती लांब हाये ते पहिले पाह्य, मंग कामाले हात लाव. तुमच्या आजोबाचं वाचलं तवा उस्तादच आठवला.

कपाशी_आर्णी
मी सहसा इथं लिहीत नाही, वाचत असतो. पण लान्सचा एक अर्थ आपल्या सगळ्यांच्या घरात हाये अन् कोणीच लिवला नाही म्हणून लिवतो. फवारणी पंपाची जी दांडी असते, नोझलवाली, तिच्या खोक्यावर इंग्रजीत लान्सच लिवलं असते. आपण दांडी म्हणतो, नळी म्हणतो, गन म्हणतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० च्या आसपास माणसं गेली अन् शेकडो दवाखान्यात पडली, ते सगळ्यांले आठवत असन. माहा लहाना भाऊ त्या शेकड्यात होता. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती. एवढ्या उंच कपाशीत फवाराचं म्हणजे दांडी खांद्याच्या वर उचलून फवारा लागे अन् सगळं तुषार होऊन डोक्यावर, मानेवर, तोंडावर येये. दुकानदारानं दोन-तीन फवाराची औषधं एकत्र करून दिली होती, सोबत हातमोजे ना चष्मा, अंगात बनियान. नोझल चोंदलं का तो तोंडानं फुंके, आम्ही सगळेच फुंकत होतो, कोणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी त्याले समोरचं दिसेना, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, तोंडातून लाळ, आंगाले थरथर. मी औषधाचा डबा संग नेला म्हणून डॉक्टरनं लगेच ओळखलं अन् ॲट्रोपिन, त्या विषावरचा उतारा, सुरू केलं, नऊ दिवसानं घरी आणला. बाजूच्या खाटेवरचा माणूस घरी गेला नाही.

म्हणून सांगतो राजेहो, वारा पाठीमागून नाही तं बाजूनं घ्या, फवारलेल्या ओळीतून पुढं चालू नका, नोझल तोंडानं फुंकू नका, जुना ब्रश ठेवा खिशात, अन् दांडी लांब घ्या. तुमच्या आजोबाले जे डुकरापुढं समजत होतं थे आमाले विषापुढं समजलं नाही.

झाडीपट्टीची_लेक
भाऊ, तुमचा भाऊ बरा झाला हे वाचून जीव भांड्यात पडला. डबा सोबत नेणं हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, त्यावरूनच उपाय ठरते. अंगावर पडलं तर कपडे काढून साबणानं धुवा, वाट पाहू नका. अन् नजर अंधुक झाली, लाळ सुटली तर उद्या पाहू असं म्हणू नका, त्याच घडीला गाडी करा.

मोर्शीकर
डोळ्यात पाणी आलं. भावाला नमस्कार सांगा.

कास्तकार_दारव्हा
सगळ्यांचं वाचलं, पोराले पण वाचून दाखवलं, शिलेदार म्हणल्यावर तो लय खूश झाला. आर्णीच्या भाऊचं वाचून रातभर झोप नाही आली, काहून का २०१७ ले आमीबी तसेच फवारत होतो, आमचं फक्त नशीब.

आज सकाळी टेप घेऊन बसलो. आज्याची बरची फाळ धरून सात फूट भरली. मंग पंपाची दांडी मोजली, दोन फूट. डुकरापासून सात फूट अन् विषापासून दोन फूट.

पोरानं लगेच मोबाइलवर शोधून लांब होणारी दांडी मागवली, चार फुटावर जाते म्हणे, दोन मागवल्या, एक आमची अन् एक ज्याले गावात लागन त्याले. हातमोजे अन् चष्मा तालुक्यावरून आणतो उद्या. बरचीचा दांडा बदलाचा हाये, भरीव मानवेल कोणाकडं असन तं सांगा, फाळ मी घासत नाही, गंज हाये तसाच ठेवतो, फक्त तेल लावतो. सुतळी जुन्या दांड्यावरून काढून नव्यावर चढवता येते का हे कोणाले माहीत हाये का? तुटली तं मंग पुन्हा भेटाची नाही.

पांढरकवडा_माय
दादा, सुतळी आधी रातभर दमट फडक्यात ठेवा, कोरडी उकलली तं नक्की तुटते. माह्या सासूनं जुन्या खाटेची अंबाडी अशीच काढली होती, सगळी शाबूत निघाली. अन् दांड्यासाठी आमच्या गावात बुरडाकडं मानवेल असते, मी उद्या इचारून सांगतो म्हणते माहा नवरा.

कास्तकार_दारव्हा
लय आभार ताई. सात फुटाच्या वरच पाह्यजा, कापता येते, जोडता येत नाही.